पाटी नसलेलं मंडळ

रविवारी संध्याकाळी पाच वाजता वैशाली मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली भाऊजी माझी वाट पाहत उभे होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत पार्ले-जीचे चार पुडे. "आज बिस्किटांची पाळी माझी," म्हणाले. ते राहतात गुरुग्रामला. तिथून गाझियाबादच्या टोकाला आमच्याकडे यायचं, मला घ्यायचं आणि पुन्हा त्याच वाटेनं अर्ध्यापर्यंत मागे जायचं.

"कशाला आलात एवढ्या लांब? मी ग्रीन पार्कला भेटले असते. पत्ता होता की माझ्याकडे."

"पत्ता सगळ्यांकडेच असतो, वहिनी. पहिल्यांदा जाणारा माणूस फाटकापर्यंत जातो आणि परत फिरतो. मी तीनदा फिरलोय."

मी मुळात 'पहिल्यांदा जाणारा माणूस' नव्हतेच. पितात ते हे, भाऊजींचे थोरले भाऊ. मी नुसती पाहायला निघाले होते. पटलं तर यांच्या कानावर घालायचं, नाही तर विषय बंद. नवा दूधवाला लावण्याआधी आपण त्याचं दूध एकदा तापवून पाहतो, तसं.

दोघे भाऊ वर्ध्याचे. १९७५ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातले, सेवाग्रामच्या आश्रमापासून सायकलच्या टप्प्यावर वाढलेले. बंदी असली म्हणजे दारू मिळत नाही, अशी माझी माहेरची समजूत. सासरी आल्यावर कळलं की मिळते, फक्त दाम जास्त पडतो आणि घरपोच येते. दोघांनी नोकरीसाठी दिल्ली गाठली आणि दोघांची प्रगती झाली. भाऊजींनी नऊ वर्षांपूर्वी सोडली. घरात त्याचं कौतुक कुणी मोठ्यानं करत नाही, कारण कौतुक करायचं तर आधी ते पीत होते हे तोंडानं म्हणावं लागतं.

ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग शोधायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. त्यांच्या हेल्पलाइनवर फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी वाजत होती. एका गृहस्थांनी विचारलं, "आप अपने लिए पूछ रही हैं?" म्हटलं, नाही, मिस्टरांसाठी. "वो ख़ुद बात करेंगे?" म्हटलं, छे. "तो आप आ जाइए. ओपन मीटिंग में कोई भी आ सकता है. एक मिनट, गैस बंद कर दूँ." हे फोन घेणारे पगारी नसतात, स्वतः कधीकाळचे पिणारेच असतात आणि आपापल्या घरून पाळीनं फोन सांभाळतात, हे भाऊजींकडून नंतर कळलं. शोधायला दहा मिनिटं, आणि शोधायचं ठरवायला दोन वर्षं.

गाडी सुटली. बसायला जागा मिळाली, तेव्हा मी सुरुवात केली.

"भाऊजी, याला पाटी का नाही? मी नकाशावर पाहिलं. नुसती एक इमारत दिसते."

"असते पाटी. कापडी. मीटिंगपुरती भिंतीवर लावतात, मग गुंडाळून पिशवीत."

"मी इतकी वर्षं शाळेत 'एकच प्याला' शिकवलं. गडकरी गेले आणि पुढच्याच महिन्यात, १९१९ च्या फेब्रुवारीत, बडोद्याला ते नाटक रंगभूमीवर आलं. त्यात तळीराम आर्य मदिरा मंडळ काढतो. नाव आहे, सभासद आहेत, सभा आहेत. पिण्याचं मंडळ असं राजरोस, आणि न पिण्याचं मंडळ चोरून?"

"तळीराम हा शब्दच घ्या की. एकतीस डिसेंबर झाला की मराठी पेपरात 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा ठरलेला. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातलं एक पात्र, आज अख्ख्या जमातीचं नाव झालंय. आणि ऐकलं की हसू येतं. दारुडा, बेवडा, तळीराम. हे शब्द स्वतःला लावून पाहा. हिंदीत मी पहिल्याच दिवशी म्हणालो, मैं शराबी हूँ. हिंदीत ते अमिताभच्या सिनेमाचं नाव आहे, जड गेलं नाही. मराठीत म्हणायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यासाठी पुण्याच्या मीटिंगला जावं लागलं."

"मग तुमच्या दादांना भीती वाटते त्यात काय चुकलं? पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात कळेल, ऑफिसातल्या जुन्या लोकांना कळेल."

भाऊजी हसले. "वहिनी, २०१६ च्या गणपतीत विसर्जनाच्या वेळी दादा कुठे होते?"

"टेम्पोत."

"टेम्पोत कुठे?"

"मूर्तीच्या पायाशी," मी म्हणाले. झोपले होते. पोरांनी त्यांच्यावरच गुलाल उधळला होता.

"मग आता कुणाला काय कळायचं राहिलंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पितात हे अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. लपवायचं आहे ते एवढंच, की त्यांना सोडावीशी वाटते.

लक्ष्मीनगर गेलं. मी म्हटलं, हे सगळं अमेरिकेचं खूळ, आपल्याकडे रुजायचं नाही.

"अमेरिकेचंच आहे. आणि सुरुवात कशी झाली ऐका. बिल विल्सन, न्यूयॉर्कचा शेअर दलाल. पिऊन पिऊन धंदा बुडवलेला, नुकती कुठे पाचसहा महिने सोडलेली. १९३५ च्या मे महिन्यात एका कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसलं. शनिवारची संध्याकाळ, अनोळखी गाव, खिशात फार पैसे नाहीत. हॉटेलच्या लॉबीत उभा आहे. एका बाजूला बार, बारमधून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि भिंतीवर गावातल्या चर्चेसची यादी."

"आणि त्यानं देवाचा धावा केला."

"नाही. त्यानं यादीतले फोन फिरवले. मागणं काय, तर या गावात एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. त्याला मदत करणारा नको होता. ज्याला मदत करता येईल असा माणूस हवा होता, नाही तर तो त्या बारमध्ये गेला असता. फिरता फिरता फोन डॉक्टर बॉब स्मिथपर्यंत पोचला. तिथला सर्जन, त्याचेही हात कापायचे. डॉक्टर म्हणाला, पंधरा मिनिटं देतो. बोलत बसले ते रात्री उशिरापर्यंत. डॉक्टरनं शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. ती तारीख ए.ए.चा जन्मदिवस धरतात."

यमुना बँक सोडून गाडी पुलावर आली. भाऊजी खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाले, "आणि भारतात हे आलं तेही याच गावात. १९५० च्या दशकात कॅनडाच्या उच्चायुक्तालयात चार्ली नावाचा एक माणूस बदलून आला. तिकडे ए.ए.त होता, इथे एकटा. त्यानंही तेच केलं, दुसरा दारुडा शोधायला लागला. दिल्लीतून मग मुंबई, कलकत्ता."

"थोडक्यात, हा परोपकार नव्हे. स्वार्थ."

"शुद्ध स्वार्थ. मी तुम्हाला न्यायला वैशालीला आलो ते काय तुमच्यासाठी?"

हा माणूस पूर्वी असं बोलत नसे. पीत असताना फार गोड बोलायचा.

राजीव चौकात गाडी बदलली. रविवारची गर्दी, उभंच राहावं लागलं. पाणी प्यायला पर्स उघडली आणि पर्सवरून आठवलं.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही घरी येऊन मला साडेचार हजार रुपये दिले होते. म्हणालात, घेतले होते. मला काही आठवेना. तरी ठेवून घेतले."

"ती नववी पायरी. बारा पायऱ्या आहेत. आठवीत, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची. नववीत भरपाई, जिथे करता येईल तिथे. तुमच्या पर्समधून काढले होते मी, दिवाळीत."

"दिवाळीत?"

"तुम्ही बोनसचे ठेवले होते ना, त्यातले."

तेव्हा मला नीट आठवलं. ते पैसे गेले म्हणून मी कामवालीला काढून टाकलं होतं. आठ वर्षं होती आमच्याकडे. ती रडली होती, मुलाची शपथ घेतली होती, आणि मी म्हणाले होते की शपथा सगळेच घेतात. हे मी भाऊजींना तिथे, दांडीला धरून उभ्या उभ्या सांगितलं. यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणच पडलं नव्हतं.

पटेल चौक गेलं, सेंट्रल सेक्रेटरिएट गेलं. भाऊजी काही बोलले नाहीत. उद्योग भवनला दार उघडलं तेव्हा म्हणाले, "नाव काय होतं तिचं?"

मी सांगितलं. त्यांनी ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. कुठली होती, विचारलं. बदायूंकडची, एवढंच मला ठाऊक होतं. तेही लिहिलं.

पुढे बराच वेळ आमच्यात काही बोलणं नव्हतं. 'अगला स्टेशन एम्स है' ऐकू आलं तेव्हा मला माझा खरा मुद्दा आठवला, जो मी आठवडाभर घोळवत होते.

"हे बघा. तुमच्या खोलीत बसून फिट थांबते का?"

"नाही."

"मग? दोन वर्षांपूर्वी अंगारकीला यांनी देवासमोर शपथ घेतली आणि बाटली मोरीत ओतली. मी साखर वाटायची बाकी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली. तिसऱ्या दिवशी हे भिंतीवरच्या मुंग्या झाडत होते, आणि भिंतीवर एक मुंगी नव्हती. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं अशी एकदम सोडायची नसते. मेंदू त्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो, दाब एकदम काढला की उसळतो. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत, भ्रम त्यानंतर. जीवही जातो. भाऊजी, जीव जातो! दाखल करून, औषधं देऊन, हळूहळू उतरवावी लागते. तुमच्यातले काही म्हणतात म्हणे, गोळ्या म्हणजे कुबड्या, फक्त मीटिंगला या."

"म्हणतात काही जण. चूक म्हणतात. ए.ए.च्या पुस्तकातसुद्धा तसं नाही. आम्ही डॉक्टर नाही."

"मग ते आधी सांगा ना! आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, गाझियाबादलाच एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे, कमला नेहरू नगरला. ओपीडी आहे, वॉर्ड आहे. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. हे सोडून माणूस वर्तुळात बसून गोष्टी सांगेल?"

"तुमचं बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. वादात समोरच्यानं असं म्हटलं की पुढे काय बोलायचं सुचत नाही. "पहिले दिवस डॉक्टरांचेच. त्यात वाद नाही. आणि वहिनी, ती पावडर?"

मी गप्प. दिल्लीच्या भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं असतं, 'बिना बताए शराब छुड़ाएँ'. त्यातली एक पावडर मी महिनाभर वरणातून घातली होती. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. अशा पुड्यांत काय असतं याचा नेम नसतो. कशात डायसल्फिराम असलं आणि माणूस न कळता त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून हृदयावर येऊ शकतं. ते औषध खरं आहे, उपयोगी आहे, पण घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या नजरेखाली. मी तीस वर्षं मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावले आणि नवऱ्याला वरणातून फसवलं.

ग्रीन पार्कला उतरलो तेव्हा अजून अर्धा तास होता. रस्त्याकडेला चहा घेतला.

"पण डॉक्टरनं उतरवल्यावर काय?" भाऊजी म्हणाले. "मी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस राहिलो. डॉक्टर अनिता अवचटांनी आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे दिले म्हणून उभं राहिलेलं. तिथे मला पहिल्यांदा कुणी 'अहो' म्हणून हाक मारली. पस्तीस दिवस उत्तम गेले. मग गाडीत बसलो आणि निजामुद्दीनला उतरलो. घर कुठे ते ठाऊक होतं. संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. वहिनी, सगळा प्रश्न सातचा असतो. पुण्यातलं माणूस आठवड्याला तिथल्या पाठपुराव्याच्या गटाला जाईल. मी दिल्लीहून काय दर शुक्रवारी पुण्याला जाऊ? मीटिंग म्हणजे माझं सात वाजता जायचं ठिकाण."

"क्लब लावायचा. योगासनं करायची. आकडे दाखवा मला. तुम्ही सगळे आपापल्या गोष्टी सांगता, ज्याला उपयोग झाला नाही तो सांगायला येतच नाही."

मला वाटलं होतं यावर ते अडखळतील. पण त्यांनी आकडे काढले. म्हणाले, कॉक्रेनचे आढावे असतात, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारे. २००६ च्या आढाव्यात ठोस पुरावा नाही असंच म्हटलं होतं. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं. ए.ए.कडे वळवणाऱ्या ठरीव पद्धतीच्या उपचारांनंतर वर्षभर एकही घोट न घेतलेले शंभरात ४२, इतर उपचारांनंतर ३५.

"म्हणजे तुमच्याकडेही शंभरातले ५८ पितातच."

"हो. त्यात सहा वर्षं मी होतो."

आकडे माझ्याकडेही होते. २०१९ चं सरकारी सर्वेक्षण, एम्सच्या त्याच केंद्रानं केलेलं: देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. "यातल्या सदतीस जणांचं तुम्ही आणि मी काय करणार आहोत, ते बोला," मी म्हटलं. याच सर्वेक्षणात पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचं १.६ टक्के आहे. पिणाऱ्या कमी की सांगणाऱ्या कमी, हे आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांना विचारलं.

"एक राहिलं," मी म्हणाले. "प्रार्थना. उच्च शक्ती. तुमचे दादा देव मानत नाहीत. अंगारकी सोडून."

"आपले बाबा गावी संध्याकाळी कुठे जायचे?"

"गुरुदेव सेवा मंडळात. सामुदायिक प्रार्थनेला."

"देवभोळे होते?"

नव्हते. सासरे कोर्टात कारकून होते, देवळात क्वचित दिसत. पण तुकडोजी महाराजांच्या मंडळाची प्रार्थना त्यांनी चुकवली नाही. विदर्भातल्या किती तरी गावांत ती अशीच चालते, सगळे एका ओळीत बसतात, पाटीलही आणि मजूरही.

"आजोबांनी माळ घातली होती ना? घातली तशी सुटली दारू. सगळे म्हणायचे, माळेचा प्रताप. मला वाटतं माळेचा कमी आणि दिंडीचा जास्त. माळ घातलेला माणूस एकटा चालत नाही. चुकला तर दहा जण विचारतात, बुवा, दिसला नाहीत एकादशीला. इथेही तेच आहे. देव मानायचा तर माना, नाही तर खोलीतल्या माणसांना मोठं माना. आमच्यात एक पक्का नास्तिक आहे, प्रार्थनेच्या वेळी कप विसळतो."

आता माझी शेवटची तक्रार राहिली होती. ती मी बोलणार नव्हते, पण चहा संपला होता आणि वेळ उरला होता.

"तुम्ही वाढदिवस करता. न पिण्याचे. केक कापता, मेडल देता, टाळ्या वाजवता."

"हो."

"मी आयुष्यात एक थेंब घेतला नाही. चौतीस वर्षं मुलाची फी, घराचे हप्ते, यांची ऑफिसला खोटी कारणं सांगणारे फोन. २०२० च्या मे महिन्यात दारूचे ठेके उघडले तेव्हा उन्हात रांगेत उभे राहिलेल्या यांना डबा नेऊन दिला. २०२२ ला दिल्लीत एका बाटलीवर एक फुकट होती तेव्हा हद्द ओलांडून आणलेल्या बाटल्यांनी माझं लोणच्याचं कपाट भरलं. माझा केक कुठे आहे, भाऊजी?"

त्यांनी कप डस्टबिनमध्ये टाकला. मला वाटतं, जरा वेळ हवा म्हणून टाकला.

"केक नाही. पण घरच्यांसाठी वेगळा गट आहे, अल-अ‍ॅनॉन. बिलच्या बायकोनं, लोइसनं १९५१ साली सुरू केला. मुक्तांगणात बायकांसाठी 'सहचरी' आहे, तसाच. दिल्लीतही भरतो."

"मला कसला आजार आहे?"

"तुम्ही बाटलीवर पेन्सिलीनं खूण करता ना? लेबलच्या कडेला, बारीक?"

हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्याकडे मार्करनं व्हायची. मी प्यायचो आणि खुणेपर्यंत पाणी घालून ठेवायचो. दादाही घालत असणार. रम जरा चहासारखी दिसते का अलीकडे?"

दिसते. मला वाटायचं, ब्रँड बदलला.

साडेसहाला आम्ही निघालो. नकाशानं पुढच्या फाटकाशी नेऊन सोडलं, ते बंद. फाटकावरच्या गार्डला मी 'मीटिंग' म्हणाले, त्याला कळेना. मग म्हणाला, "अच्छा, वो सत्संग वाले? पीछे से जाओ जी." मागे एक बोळ, बोळात सायकली, जिन्याच्या दारावर कागदाचा तुकडा आणि त्यावर पेननं काढलेलं वर्तुळात त्रिकोण असं चिन्ह.

खोलीत काय ऐकलं ते मी लिहिणार नाही. तिथली तशी रीत आहे आणि ती मी दारात मान्य केली. दिसलं ते थोडं सांगते. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेली कापडी पाटी, लॅमिनेट केलेल्या बारा पायऱ्या, हिंदीतल्या. कुणी बोलत असताना दुसरा कुणी मध्ये बोलला नाही, सल्ला दिला नाही, 'मैं तो कहता हूँ' म्हणाला नाही. चौतीस वर्षांच्या दिल्लीत हे मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी एक पिशवी फिरली. मी पन्नासाची नोट टाकली, तर शेजारच्या बाईंनी ती काढून माझ्या हातात परत दिली. बाहेरच्यांचे पैसे घेत नाहीत म्हणे, खोलीचं भाडं आणि चहा आपल्यातच भागवतात. पैसे परत करणारी संस्थाही या गावात पहिलीच.

चहा भाऊजी देत होते, कागदी कपांतून. मला भरून दिला, इतरांना भरून दिला. दाराजवळ एक पोरगेलासा माणूस बसला होता, धुतलेला शर्ट, बटणं एकेक घर चुकून लावलेली. त्याच्यासाठी भाऊजींनी अर्धाच कप भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्या दोन्ही हातांत दिला. तो संपल्यावर पुन्हा अर्धा. मला आधी वाटलं, चहा कमी पडला. मग पाहिलं की तो अर्धा कपसुद्धा काठापर्यंत हिंदकळत होता.

आमच्या घरी सकाळचा पहिला चहा मी बशीत ओतून टेबलावर ठेवते आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे यांना वाकून पिता येतो. हे आमच्यात कधी ठरलं नव्हतं. किती वर्षं चाललंय, आठवत नाही.

परत येताना भाऊजी राजीव चौकपर्यंत आले. 'कसं वाटलं' असं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले की आधी गाझियाबादचं केंद्र, आधी डॉक्टर, यात बदल नाही. ते म्हणाले, बरोबर. मी म्हणाले, प्रार्थना मला लांबलचक वाटली. म्हणाले, मलाही वाटते. मग त्यांची गाडी आली.

घरी पोचायला साडेनऊ झाले. हे टीव्हीसमोर बसले होते, ग्लास खुर्चीच्या मागे. मी त्यांना काहीही सांगून गेले नव्हते, पण धाकट्या भावाचा फोन येऊन गेला असणार.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"थांबलो होतो." मग बराच वेळ बातम्या पाहिल्या. जाहिराती लागल्या तेव्हा, टीव्हीकडेच बघत म्हणाले, "तिथे कुणी मराठी होतं का?"

"ते सांगायचं नसतं."

"म्हणजे होतं," हे म्हणाले.